केळ

न्यूट्रलला उभी असली की घरघरते,
क्लच दाबला की गप्प.
एवढंच सांगितलं मी अडिवेप्पा मेस्त्रीला,
कंग्राळीच्या वळणावर, त्याच्या पत्र्याच्या शेडपुढं.
हौद्यात कडोलीच्या रताळ्यांची एकवीस पोती,
आणि मार्केट यार्डात सौदा अकराला.

तो म्हणाला, "केळ, तंगी."

लहानपणी मला वाटायचं
ही बैलहोंगलकडची माणसं येता-जाता
केळं कसली मागतात.
मग कळलं, केळ म्हणजे ऐक.
खूप नंतर कळलं, केळ म्हणजे विचार, असंही.
आमच्यात दोन शब्द लागतात,
आणि दोन माणसं.

त्यानं हातभर लांब पेचकस घेतला,
टोक गिअर बॉक्सच्या अंगावर, मूठ कानामागच्या हाडाला,
डोळे मिटले.
फौंड्रीत वीस वर्षं काढलेला माणूस, कान गेलेत,
खरं हाडं अजून ऐकतात म्हणतो.
"दाब. सोड. दाब."
मी क्लच दाबत होते, सोडत होते.
"दाबल्यावर वरडली असती तर क्लचचं बेरिंग.
एकाच गिअरला वरडली असती तर त्या गिअरचे दात.
ही सोडल्यावर वरडते.
म्हणजे आतली, पुढच्या शाफ्टची.
चौथ्यात?"
"चौथ्यात कमी."
"हां."
आणि पेचकस माझ्या हातात दिला.

मी हाड टेकवलं.
आत कुणीतरी कोरडं जातं ओढत होतं,
दाणे नसलेलं.

इंजिन बंद केलं. पाऊण तास थांबला तो.
गरम तेलात बोट घालायचं नाही,
आणि उतारावर मोजायचं नाही.
त्यानं काचेची गोटी ठेवली फरशीवर,
गोटी गेली नाही कुठंच,
तेव्हा तो गाडीखाली सरकला.
मीही सरकले. ओढणी कमरेला खोचून.

"आधी वरचा बोल्ट. भरायचा.
तो सुटतोय हे बघितल्याशिवाय
खालचा काढायचा नाही कधी.
रिकामं करशील आणि भरता येणार नाही."
हे तो गिअर बॉक्सबद्दलच बोलत होता.

बोल्ट कुरकुरला, सुटला.
भोकाच्या काठाला तेल लागायला पाहिजे.
करंगळीशेजारचं बोट आत गेलं, वाकलं,
आणि बाहेर आलं ते
घोटभर दूध जास्त पडलेल्या चहाच्या रंगाचं.

"नीर बंदद, तंगी."

नीर. हा शब्द मला कुणी सांगावा लागला नाही.

तापलेली पेटी गार पाण्यात गेली
की आत श्वास ओढते, तो म्हणाला,
वरच्या बारक्या नळीतनं,
आणि श्वासाबरोबर पाणी.
"कुठं घातलीस पाण्यात?"

मी घातली नव्हती.
गौरीच्या आदल्या रात्री
मार्कंडेयवरचा खालचा पूल बुडाला होता,
आणि माझा धाकटा, मोनाप्पा,
दीडला घरी आला. बॅटरी उतरली होती म्हणाला.
सकाळी टेम्पोतलं रबरी पायपुसणं
गोठ्याच्या कुडावर वाळत होतं.
मी बघितलं होतं. खरं विचारलं नव्हतं.

खालच्या बोल्टच्या चुंबकाला
काळी राळ चिकटली होती, ती चालते.
आणि राळेत एक खपली, नखाएवढी,
ती चालत नाही.
मेस्त्रीनं ती पुसून माझ्या तळहातावर ठेवली.

बेरिंग सोमवारी. तोपर्यंत ऐंशी नंबरचं नवं तेल,
भोकातनं थेंब परत येईपर्यंत.
"सावकाश ने. आणि ऐकत ने."
सौदा चुकला. रताळी दुपारी पडेल त्या भावात गेली.

संध्याकाळी मोनाप्पा कट्ट्यावर होता, मोबाइल पालथा ठेवून.
मी खपली त्याच्या शेजारी ठेवली
आणि बसले.
त्यानं ती उचलली, नखानं खरवडली,
पुन्हा ठेवली.

पलीकडं पाण्याची मोटर बंद झाली कुणाची तरी.
मग तो घसा खाकरला.