पायरी तिसरी

शुक्रवारी दुपारी सोहारच्या रस्त्यावर
मांजरसुद्धा नसतं.
आम्ही तिघं, एसीच्या थेंबांखाली बादली,
आणि बावीस पानं,
ज्यानं त्यानं आपल्यापुरती लिहिलेली.

रोवेनानं वाटणी केली:
झुबेरकडे बिघाड, तिच्याकडे शब्दसूची,
माझ्याकडे सुरुवात.
भरती-ओहोटी मोजणारा आमचा प्रोग्राम.
कुणीही घ्यावा, कुणीही बदलावा, फुकट.
पण कुणीही म्हणजे कोण,
हे बावीस पानांत कुठेच नव्हतं.

म्हणून खालच्या वर्कशॉपमधून खलफानला बोलावलं.
होड्यांची इंजिनं उघडतो तो.
म्हटलं, वाचत जा, अडलास की थांब.
पहिली पायरी गेली. दुसरी गेली.
तिसरीवर त्यानं ग्रीसचं बोट
पडद्याला टेकवलं:
‘आता फक्त नेहमीची फाइल उघडा.’
नेहमीची?
कुणाच्या नेहमीची?

ते वाक्य माझं.
सहा वर्षांपूर्वीचं,
आम्ही सगळे एका टेबलाशी बसायचो तेव्हाचं,
जेव्हा नेहमीची म्हणजे
सुनोजच्या मशीनवरची.
सुनोजचा व्हिसा संपला, तो कन्नूरला गेला,
आणि फाइलचं नाव, आता कळतंय, त्याच्या सामानात गेलं.

रात्री नऊपर्यंत आम्ही ‘फक्त’ खोडत होतो.
एकोणचाळीस निघाले.
‘सोपं आहे’ अकरा, त्यातले सात माझे.
खलफान गेला नाही. दर पायरीला
खुर्ची पुढे ओढून म्हणायचा, हं, आणि मग?

शेवटी सुनोजला फोन लावला.
मागे कुकरची शिट्टी, पोराचं रडणं.
बराच वेळ आठवून म्हणाला,
अरे, ते मी कुठेतरी
लिहून ठेवलं असेल ना.