नीखालची रेष

कुडचड्याला स्टेशनच्या वळणावर
रोमाल्दोचं झेरॉक्सचं दुकान.
दुपारी दोन ते चार, बाजार झोपलेला असतो तेव्हा
आम्ही तिथे पुस्तक करत बसतो.
कागद नाही, शाई नाही, बाइंडिंगची खळ नाही,
तरी त्याला पुस्तकच म्हणायचं.

एकतीस वर्षांच्या शिकवणीच्या सहा वह्या.
एकीवर सोलकढीचा डाग,
एकीत विजेचं जुनं बिल,
चौथीत कुणा मुलीने काढलेला मासा,
नेमका पूर्वांग संपतो तिथे.
रोमाल्दो लहानपणी चर्चच्या शाळेत व्हायोलिन शिकला,
पाच रेघांवरचे ठिपके त्याला वाचता येतात.
आमच्या स्वरलिपीला तो
"तुमची बाराखडी" म्हणतो.

फाइल बदलली आणि
नीखालची रेष गेली.
सगळ्या कोमल स्वरांच्या रेषा, एका बटणासरशी.
मंद्रातले ठिपकेही गेले.
"टीचर, रेघ गेल्यार कितें जाता?"
मी तिथेच गुणगुणले,
आधी रेषेसकट, मग रेषेवाचून.
मशीन बंद करून तो म्हणाला, परत.
मी परत गायले.
मग बराच वेळ तो काही बोलला नाही,
आणि संध्याकाळपर्यंत एकेक रेष
हाताने बसवत राहिला.

मग तीनताल.
सोळा मात्रा मी एका ओळीत मांडल्या होत्या.
भाचीच्या फोनवर अकराव्यालाच ओळ मोडली,
उरलेल्या पाच खाली घसरल्या.
अक्षर वाढवावं तर टाळी तुटते,
कमी करावं तर माझा चष्मा पुरत नाही.
रोमाल्दो म्हणतो, पान असं नसतंच ह्याच्यात,
ज्याच्या त्याच्या काचेएवढं.
पान नसतं.
आणि मी मुलांना सांगत आले,
पान उलटायच्या आधी श्वास घ्या.

शेवटी चार-चार मात्रांच्या ओळी केल्या,
अरुंद, नदीवरच्या घाटाच्या पायऱ्यांसारख्या.
वाईट दिसत नाहीत.

अर्जात एक चौकोन होता:
ह्या मजकुराचे सर्व हक्क तुमचेच आहेत ना?
फातर्पेकर मास्तरांनी जन्मात एक ओळ लिहिली नाही.
वही दिसली की विचारायचे, कागद गातो का?
तिसऱ्या प्रकरणातले पलटे त्यांचे,
त्यांना दिले ते मावशीने,
देवळात गाऊन जिचा जन्म गेला
आणि जिचं नाव कुठल्याच पावतीवर नाही.
पाचव्या प्रकरणातल्या चुका तेवढ्या माझ्या.
चौकोनावर बोट धरून बसले.
बाहेरून दोन ट्रक गेले.
मग खूण केली,
आणि पहिल्या पानावर घातलं: मास्तरांच्या मावशीस.
पुढचं नाव सांगणारं आता कुणी नाही.

किंमत एकोणपन्नास रुपये.
पहिल्या महिन्यात सात प्रती गेल्या,
त्यातल्या चार आमच्याच घरात.
एक मस्कतला.

शाणू वेळीप. खाणी थांबल्या त्या वर्षी
त्याच्या बापाचा ट्रक उभा राहिला
आणि त्याने वर्ग सोडला.
तीन महिन्यांची फी राहिली होती, मी मागितली नाही.
ह्या मुलाला कोमल निषाद कधी लागला नाही,
दर खेपेला केसभर वर.
मी एकदा पेटी आपटून मिटली होती त्याच्यासमोर.

लिहितो:
टीचर, प्रकरण चार, नववा पलटा, दुसरी ओळ.
नीखाली रेष नाही.
म्हणून बघितलं, कानाला बरं वाटलं नाही.
तिथे कोमलच असणार ना?

वही काढली.
रेष होती, सोलकढीच्या डागात बुडालेली,
मलाच दिसली नव्हती.

रोमाल्दोला फोन केला.
म्हणाला, सोपं आहे, एकदा दुरुस्त केलं की
घेतलेल्या सगळ्यांच्याच पुस्तकात आपोआप बदलेल.
मी विचारलं, एकाची प्रत आहे तशी ठेवता येईल?
"तशें जायना, टीचर."

मग राहू दे, म्हटलं,
सोमवारी बघू.