वशीकरण, एक तास

डिचोलीत, बंद पडलेल्या खाण-कचेरीच्या माडीवर
आम्ही पाच जण, मध्ये नकाशा,
बाटल्यांच्या बुचांचे सैनिक.
सुलक्षाचा वीस तोंडांचा फासा घरंगळला: तीन.
"संपलीस," जोकीम म्हणाला, "तासभर तू मांत्रिकाची.
तो सांगेल ते तुला स्वतःचंच वाटेल."

मांत्रिक मी होतो.
म्हटलं, वेशीचं दार उघड. आणि जरा हस.

दार तिने उघडलं.
मग उठून खिडकीशी गेली,
काचेवरच्या तांबड्या धुळीत
बोटाने रेघ ओढत राहिली.
"नियमात पुढे लिहिलंय," तिकडूनच म्हणाली,
"तास संपला की तिला सगळं आठवतं."

जोकीमने पान उलटलं.
होतं.

लिंबू-सोडा आला, भजी आली,
खेळ पुढे सरकला.
मी तेवढा
घड्याळाकडे बघत होतो.