दहा घोडे जास्त

याल्मारची वोल्वो पंच्याहत्तर घोड्यांची,
एव्हर्टची साब पासष्ट.
"दहा जास्त," याल्मार चाळीस हिवाळे सांगत राहिला
योकमोकच्या पंपावर, काचेवरचा बर्फ खरवडत.
"पण तुझे मागून ढकलतात, माझे पुढून ओढतात,"
एव्हर्ट म्हणायचा, आणि डिकीतून दोर काढायचा.
किती वेळा, ते विचारू नका.

शंभरचा काटा आधी कोण गाठतं
हे कधी ठरलंच नाही;
ऐन वेळी रस्त्यात रेनडिअर आलं.

आता साब शेडमध्ये,
बॅटरी उतरलेली.
दर रविवारी याल्मार
वोल्वो तिच्या नाकाला नाक लावून उभी करतो,
केबल जोडतो.
साब खोकते, मग धरते.

बाहेर उणे एकोणतीस.
दोन्ही इंजिनं चालू ठेवून
तो ऐकत बसतो,
एव्हर्टच्या सीटवर.