पुढे आहे

असोळण्याच्या पुलावर तो सुटला.
म्हणजे अर्धाच सुटला; मागचा डबा लोंबत राहिला
एका रबरावर, आणि डांबरावर ठिणग्या.
मागच्या मासळीच्या टेम्पोवाल्याने हॉर्न नाही दिला,
नुसतं खाली बोट दाखवलं,
पदर चाकात जातोय म्हणून बाईला दाखवावं तसं.

होडीचा काथा मिळाला धक्क्यावर, त्याने बांधला.
वेळ्ळी येईपर्यंत काथा जळला.

गाडी शहाण्णवची. मारुती. मूळचा रंग निळा, असं कागदपत्रं म्हणतात.
बेतूलमध्ये चार महिने पाऊस खातो लोखंडाला,
उरलेले आठ महिने खारी हवा.
तुळशीदास गोणपाट टाकून खाली शिरला,
फक्त पाय बाहेर, आणि खालून त्याचा आवाज:
"बाई, ह्यात लोखंड कमी, सवय जास्त."
वेल्डिंग कशाला धरणार? धरायला काही हवं ना.
नवा मडगावहून येईल. पाच दिवस.

पाच दिवस मी गावभर गरजत फिरले.
कुत्री उठली. पोर्तुगीज काळातल्या घराची काचेऐवजी
शिंपल्यांची खिडकी आहे वळणावर, ती थरथरली.
शाळेत पोचले तर अकराच्या अकरा मुलं जागेवर,
फळ्यावर तारीखसुद्धा.
मी सुखावले, तर प्रज्योत वेळीप म्हणाला,
बाई, तुम्ही पुलावर असता
तेव्हाच आम्हाला कळतं.

आणि कायतानबाब.
बावीस वर्षं जहाजाच्या इंजिन-रूममध्ये,
कान तिकडेच ठेवून आलेला माणूस.
पंधरा वर्षं शेजार. मी हाक मारते, तो हसतो,
ते हाकेला नाही, तोंड हललेलं दिसतं म्हणून.
तिसऱ्या संध्याकाळी मी चॅपेलचं वळण घेतलं
तर हा रस्त्यावर, एका पायात चप्पल,
माझं फाटक उघडून धरलेलं.
"आयलें?" म्हणाला.
मी दिसायच्या आधी!

मग तो काहीच न विचारता बॉनेटपाशी गेला.
तळवा टेकवला. डोळे मिटले.
डॉक्टरसुद्धा इतका वेळ लावत नाहीत.
"फाटीं न्हय. फुडें आसा."
हाताने खूण केली, ओठांपुढे, नाकापुढे, अगरबत्ती.
मी देवघरातून आणली, सुगंध मोगरा.
उघड्या इंजिनावर त्याने ती फिरवली हळू, अगदी हळू,
धूर सरळ चालला होता, सरळ,
आणि एका जागी बिचकला.
गॅस्केट.

सहाव्या दिवशी तुळशीदासला सांगितलं, पुढे आहे.
त्याला राग आला, मग पटलं.
नट निघेनात. रॉकेल ओतलं, हातोडा,
एक स्टड तुटला, एक शिवी, माझी माफी.
जुना डबा उलटा केला तेव्हा
त्यातून तांबडी माती पडली, सूपभर,
आत कधी गेली असेल इतकी?
तीन हजार दोनशे. तुटलेला स्टड त्याने धरला नाही.

पुलावरून येताना मला नदी ऐकू आली.
आणि डॅशबोर्डमध्ये काहीतरी खुळखुळतंय,
हे कधीपासून, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी शाळेत खडू उडत होते,
प्रज्योत बाकावर उभा.

कायतानबाब बाल्कांवात होता, पाठमोरा,
सुंगटं सोलत. वळला नाही.
फाटक मीच उघडलं.
गाडी आत घेतली, बाहेर आले,
जाऊन त्याच्या खांद्याला हात लावला.
तो हात पुसत आला, बॉनेटवर तळवा ठेवला, डोळे मिटले.
"बरें जालें," म्हणाला.
पण तळवा उचलला नाही,
आणि मी सांगितलं नाही त्याला
की इंजिन केव्हाच बंद केलं होतं.