एका पायातली चाळ

गुहागरच्या शाळेत शुक्रवारी
बाकं भिंतीला सरकतात.
निवाते सर मृदंग घेऊन जमिनीवरच बसतात.
म्हणाले, जाखडीत चाळ एकाच पायात असते,
म्हणजे बघ दुर्वा,
तुझा उजवा पुरतो की.

दुर्वाने डावा पुढे केला.
पट्टे, गंजकी बिजागरी, बुटात पुळण.
कॅलिपरवर चाळ बसेना,
सरांनी गाठ तीनदा सोडली.

मग फेर.
रिहान खुर्चीच्या चाकावर थाप देत,
मंदार सगळ्यांच्या उलटा, हसत,
आणि दुर्वाचा डावा
मात्रा निघून गेल्यावर येणारा,
फरपटत, रोजच्यासारखाच,
फक्त आज
वाजत.

सर थांबले.
कान दिला जरा वेळ.
मग मृदंगाची थाप उचलून
त्या उशिरावर आणून ठेवली.