अकरा तुकडे

चौथ्या दिवशीही बोट आली नाही.
हेब्रिडीजमधल्या आमच्या बेटावर वारा पाहुणा म्हणून येत नाही,
घरजावई होऊन बसतो.
शाळेच्या फ्रीझरमध्ये माशाचे तुकडे उरलेले अकरा.
पटावर पोरं तेरा.

चहूबाजूंनी समुद्र, आणि मासा येतो खोक्यातून, ग्लासगोहून.
हसा तुम्ही.
आमचं हसून झालंय.

उपवासकाळातला शुक्रवार, मटणाचं नाव काढायचं नाही.
मी सुरी शोधत होते, अकराचे तेरा करायला.
भागाकार मला पाटीवर कधी जमला नाही,
सुरीने जमतो.
तेवढ्यात वाढपाची पाळी असलेला लाखलन
ट्रे उचलून चालता झाला.

तिकडे मिसेस मॅकिनस तीन दिवस
एका कागदापुढे पेन चावत बसलेल्या.
तपासनीस यायचे होते. रकाने तीन :
आध्यात्मिक, नैतिक, सामाजिक.
खाली बारीक अक्षरांत, पुरावा जोडावा.
मी ठेवलेल्या चहावर साय धरली.

पोरांनी हात जोडले, गेलिकमधून प्रार्थना म्हटली,
शेवटचे शब्द नेहमीसारखे गिळून,
कारण वास आधीच नाकात शिरलेला.
ट्रे फिरला.
रूअरीने दोन घेतले.
त्याचे बाबा महिना महिना तेलाच्या रिगवर,
आणि घरी आई...
जाऊ दे, ते काही माझ्या तोंडून नको.

ऑयरिकपाशी ट्रे आला तेव्हा एक तुकडा होता
आणि तिच्यापुढे अजून तिघं.
तिने मान वळवून मोजलं. मी दारातून पाहिलं, बोटांवर मोजलं.
"मला भूक नाही," म्हणाली.
शेजारचा मॅग्नस म्हणाला, "मलापण."
फ्लोराच्या पोटात एकाएकी दुखायला लागलं.
आणि पाच वर्षांच्या छोट्या ईअनने
तो तुकडा केचपमध्ये बुडवून
इकडेतिकडे न बघता फस्त केला.

रूअरी आपल्या दुसऱ्या तुकड्याकडे बघत राहिला.
खाल्ला नाही. दिलाही नाही.
सगळे उठल्यावर माझ्याकडे घेऊन आला, गार झालेला.
"हा जास्तीचा आला होता."
मी घेतला. काय बोलणार?
तिघांना पाव आणि सूप दिलं,
ज्यांना भूक नव्हती त्यांनी दोन-दोनदा मागून घेतलं.

मंगळवारी ऑयरिक स्वयंपाकघरात आली.
गुरुवारी तिचं पहिलं पापनिवेदन.
"पेगी, मी खोटं बोलले. भूक होती. फादरना सांगू?"
माझ्या हातात डाव, डावावरून थेंब थेंब गळतंय.
चाळीस वर्षं मी त्या जाळीपुढे गुडघे टेकतेय,
इतकं चांगलं पाप मला एकदाही नेता आलेलं नाही.
"सांग," म्हटलं.
का म्हटलं, देव जाणे.
त्या म्हाताऱ्या फादरच्या कानांनाही
कधीतरी काही बरं पडावं, म्हणून असेल.
"आणि मॅग्नसचं?"
"मॅग्नसचं मॅग्नस बघेल."

गुरुवारी फादर डोनाल चर्चमधून सरळ माझ्याकडे आले,
स्टुलावर बसले, सूप प्याले.
त्यांच्या ओठांवर कुलूप असतं, आम्हाला ठाऊक आहे.
वाडगं पुसून काढलं पावाने, आणि एवढंच म्हणाले,
"बोट आली वाटतं."
"आली," म्हटलं.
खिडकीतून दिसत होतं,
चर्चच्या पायरीवर रूअरी अजून बसलेला,
बुटाची नाडी सोडतोय, बांधतोय, सोडतोय.
आत गेला की नाही, मी पाहिलं नाही.
बटाटे लागत होते खाली.

संध्याकाळी मिसेस मॅकिनसनी विचारलं,
"पेगी, पुरावा म्हणून काही सुचतंय का?"
मला तो गार तुकडा आठवला,
बशीखाली दोन दिवस झाकून ठेवलेला.
"नाही बाई," म्हटलं.
तो मी रविवारीच मांजराला घातला होता.

शुक्रवारी पुन्हा मासा. या खेपेला भरपूर.
रूअरीने सगळ्यांच्या आधी हात घातला.
एकच घेतला.
मग जरा वेळाने, दुसराही.